मोटारीची घरगुती निगा : रंग, कांच आणि अंतर्भाग

घरानंतर सर्वांत मोठी रक्कम कोणत्या वस्तूसाठीं मोजावी लागते, असा प्रश्न शहरांतील सुशिक्षित कुटुंबास केला, तर आज पुष्कळ ठिकाणीं उत्तर येईल : मोटारीसाठीं. सोन्याचा दागिना मखमलीच्या डबींत राहतो, चांगलें पुस्तक कपाटांत राहतें, पैठणी सुती कापडांत गुंडाळून ठेवली जाते. पांच-सात वर्षें हप्ते फेडून घेतलेली मोटार मात्र ऊन, पाऊस, धूळ, पक्षी आणि झाडें यांच्या स्वाधीन करून उघड्यावर उभी केलेली असते. तिच्या इंजिनांतील तेल वेळच्या वेळीं बदललें जातें. कारण तें न बदलल्यास गाडी अडून बसते. रंग विटला म्हणून गाडी अडत नाहीं, आणि कांच मळली म्हणूनही ती चालावयाची थांबत नाहीं. त्यामुळें या गोष्टींकडे लक्ष जातें तें गाडी विकावयास काढल्यावर, किंवा पावसाळी रात्रीं समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतांत रस्ता दिसेनासा झाल्यावर. पहिल्या प्रसंगीं पैशाचें नुकसान होतें; दुसऱ्या प्रसंगीं काय होऊं शकेल हें सांगावयास नको.

यांतील विलक्षण गोष्ट ही कीं, मोटारीच्या रंगाची हानि दुर्लक्षामुळें जितकी होते तितकीच, किंबहुना थोडी अधिकच, अजाण मायेमुळें होते. महिनाभर धुळींत उभी असलेली गाडी नीट धुतली तर पुष्कळदां नव्यासारखी निघते. रोज सकाळीं हौसेनें कोरड्या फडक्यानें पुसलेली काळी गाडी मात्र दोन वर्षांत अशी दिसूं लागते कीं, उन्हांत तिच्यावर कोळ्यानें जाळें विणल्याचा भास व्हावा. असें कां होतें हें समजण्यासाठीं मोटारीचा रंग म्हणजे काय वस्तु आहे, हें प्रथम पाहिलें पाहिजे.

मोटारीच्या आरंभींच्या काळांत तिला घोडागाडीप्रमाणेंच तेलाचा रंग व व्हार्निश यांचे हात देत असत, आणि एकेक हात वाळण्यास इतका वेळ लागे कीं गाडी रंगून बाहेर पडण्यास कित्येक आठवडे जात. १९२३ सालीं अमेरिकेंतील ड्यू पाँट कंपनीचें 'ड्यूको' नांवाचें लवकर वाळणारें रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर चढलें, आणि रंगाच्या कामाचा सारा हिशेबच बदलला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत रंगावर स्वच्छ, बिनरंगी रोगणाचा स्वतंत्र थर देण्याची रीत रूढ झाली. आजच्या बहुतेक मोटारी याच रीतीनें रंगविलेल्या असतात. पत्र्यावर प्रथम गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर हें पारदर्शक रोगण. हे चारही थर मिळून जाडी सुमारें १०० ते १५० मायक्रॉन होते, म्हणजे एका मिलिमीटरचा दहावा किंवा सातवा हिस्सा. त्यांतील वरच्या पारदर्शक थराच्या वांट्याला ४० ते ५० मायक्रॉन येतात. वर्तमानपत्राचा कागदही याहून जाड असतो.

डोळ्यांना दिसणारी सारी चकाकी त्या थरांत असते. सूर्यप्रकाशांतील अतिनील किरण शोषून खालच्या रंगास विटूं न देणारीं द्रव्यें त्याच थरांत कालविलेलीं असतात. झिलई करणें म्हणजे ओरखडा भरून काढणें, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. वस्तुस्थिति उलट आहे. झिलई करणें म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा पृष्ठभाग घासून खालीं आणणें. प्रत्येक झिलईच्या वेळीं त्या कागदाहून पातळ भांडवलांतून कांहीं ना कांहीं खर्चीं पडतें, आणि या भांडवलावर व्याज मुळींच मिळत नाहीं. म्हणून ओरखडा काढण्याची विद्या शिकण्यापूर्वीं तो पडूं न देण्याची विद्या शिकलेली बरी.

ओरखडा पाडतो कोण? जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोहस यांनीं १८१२ सालीं खनिजांच्या काठिण्याची एक ते दहा अशी श्रेणी लावून दिली. तींत हिरा दहाव्या पायरीवर आहे, आणि साधी वाळू जिची बनते ती गार, म्हणजे क्वार्ट्झ, सातव्या पायरीवर आहे. खिडकीची कांच साडेपांचाच्या आसपास येते. गाडीवरचें रोगण तर प्लास्टिकच्या जातीचें, म्हणजे कांचेहूनही पुष्कळ खालचें. रस्त्यावरच्या धुळींत गारेचे बारीक कण असतातच. अशा धुळीवरून कोरडें फडकें दाबून फिरविणें म्हणजे गाडी अत्यंत बारीक कांचकागदानें घासण्यासारखें आहे. लांब दोऱ्यांची झटकणी हलक्या हातानें फिरविली तर त्यामानानें अपाय कमी. पण अपाय होतोच.

मुंबई-पुण्याकडील गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत पहांटे एक मनुष्य बादली व फडकें घेऊन येतो, आणि लोक चहाला बसण्यापूर्वीं दहा-पंधरा गाड्या पुसून जातो. पहिल्या गाडीनंतरच बादलींतील पाणी मातकट होतें. सातव्या गाडीपर्यंत त्याचा पातळ चिखल झालेला असतो, आणि सातव्या मालकाच्या गाडीवर पहिल्या सहा गाड्यांची वाळू घासली जाते. यांत त्या माणसाला दोष देणें अन्यायाचें होईल. त्याला गाडीमागें महिन्याचे ठराविक पैसे मिळतात, नळ आवाराच्या दुसऱ्या टोकास असतो, आणि गाडी चमकलेली दिसली नाहीं तर बोलणीं तोच खातो. मालकानें त्याच्या हातीं आपल्या गाडीपुरतीं दोन स्वतंत्र फडकीं द्यावीं, संस्थेनें गाड्यांजवळ एक नळ काढून द्यावा, आणि 'रोज पुसूं नका, आठवड्यांतून एकदां धुवा' असें सांगून पैसे मात्र पूर्वींइतकेच द्यावे. एका झिलईच्या खर्चापेक्षां ही व्यवस्था स्वस्त पडते.

धुण्याची वेळ सकाळची किंवा सूर्य कलल्यानंतरची, आणि जागा सावलीची असावी. हात ठेववत नाहीं इतकें बॉनेट तापलेलें असतांना साबण लावला, तर तो जागच्या जागीं वाळून डाग सोडतो. बादल्या दोन लागतात : एकींत साबणाचें पाणी, दुसरींत साधें. प्रथम साऱ्या गाडीवर साधें पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊं द्यावी. जें आपण होऊन निघतें तें हातानें काढूं नये. चाकें सर्वांआधीं धुवावीं, आणि त्यांचें फडकें व ब्रश कायमचे वेगळे ठेवावे. कारण ब्रेकांतून झिजून पडणाऱ्या काळ्या पुडींत लोखंडाचे कण असतात, ते रंगावर आले तर रुतून बसतात व पुढें तांबूस ठिपके उमटवितात. नंतर छपरापासून आरंभ करून खालीं यावें. दरवाजांचा तळ, चाकांमागील भाग आणि मागचा बंपर यांवर सर्वांत अधिक चिखल असतो, म्हणून त्यांची पाळी शेवटीं.

साबणाच्या पाण्यांत बुडविलेला मऊ हातमोजा एका वेळीं एकाच भागावर, सरळ रेषेंत, न दाबतां फिरवावा. मग तो साध्या पाण्याच्या बादलींत चांगला खळबळून पिळावा, आणि त्यानंतरच पुन्हां साबणाच्या बादलींत घालावा. दुसऱ्या बादलीचें सारें प्रयोजन एवढेंच. तिच्या तळाशीं कांहीं वेळानें सांठलेली वाळू एकदां पाहिली, कीं ती बादली अनावश्यक आहे असें कोणी म्हणत नाहीं. तळाशीं प्लास्टिकची जाळी ठेवली तर ती वाळू ढवळून वर येत नाहीं. गोल गोल घासण्याची संवय ही भांडीं घासण्याची संवय होय; ती येथें सोडली पाहिजे. सरळ ओरखडा एकाच बाजूनें पाहिला तर दिसतो, वर्तुळाकार ओरखडा ऊन कोणत्याही बाजूनें आलें तरी चमकतो.

धुतलेली गाडी वाऱ्यावर वाळू देऊं नये. मायक्रोफायबरचें मोठें फडकें ओल्या पत्र्यावर पसरावें आणि दोन टोकांनीं हलकेंच ओढून घ्यावें. जुन्या बनियनचें किंवा धोतराचें फडकें चालतें काय, असें विचारणारे पुष्कळ असतात. जुनें सुती कापड मऊ असतें हें खरें. पण तें कण पोटांत घेत नाहीं, तो पृष्ठभागावर तसाच फरफटत नेतें. मायक्रोफायबरच्या बारीक तंतूंत कण अडकून आंत जातो. बनियनला गुंडी वा शिवण असते ती वेगळीच.

पाण्याचा हिशेबही केला पाहिजे. साधी नळी मिनिटाला दहा-बारा लिटर पाणी सोडते. ती दहा मिनिटें चालू राहिली कीं शंभर लिटरांहून अधिक पाणी गटारांत गेलें. ज्या शहरांत एप्रिल-मे महिन्यांत दिवसाआड पाणी येतें, तेथें हें शोभत नाहीं. बागेची झारी वापरल्यास दोन बादल्यांसह पन्नास लिटरांत गाडी उत्तम निघते. त्याहूनही टंचाई असेल तर धूळ फार जाड बसलेली नसल्यास, धुणें नंतर खळबळावें लागत नाहीं असे द्रव बाजारांत मिळतात. एका बादलींत त्याचें झांकण-दोन झांकणें घालून, अनेक फडक्यांनीं, प्रत्येक घडी एकदांच वापरून गाडी पुसतां येते.

साबणाविषयीं दोन शब्द. कपड्यांची पूड मुळींच नको; ती तीव्र क्षारधर्मी असते. भांड्यांचा द्रव साबण तेलकटपणा काढण्याकरितांच केलेला असल्यामुळें गाडीवरचें मेणही तो काढून नेतो. नवें मेण चढविण्यापूर्वीं जुनें उतरावयाचें असेल, तेवढ्या एका प्रसंगीं त्याचा उपयोग. एरवीं मोटारीसाठीं मिळणारा उदासीन शांपू घ्यावा. रॉकेलचा बोळा फिरवून गाडी चमकविण्याची युक्ति कांहीं जुन्या चालकांना अजून प्रिय आहे. चमक येते, पण ती तेलकट पापुद्र्याची असते. दुपारपर्यंत तिच्यावर दुप्पट धूळ बसते, आणि दारांच्या कडांचें रबर कालांतरानें फुगून सैल होतें.

कांहीं डागांना मात्र आठवड्याची वाट पाहण्याची सवलत नाहीं. पक्ष्यांच्या विष्ठेंत यूरिक आम्ल असतें, शिवाय दाण्यांचीं टरफलें व वाळू असते. भर उन्हांत रोगण किंचित् मऊ होऊन प्रसरण पावतें. रात्रीं थंड होतांना तें वाळलेल्या विष्ठेभोंवतीं आकसतें आणि तिचा ठसाच घेतें. असा ठसा मग धुऊन जात नाहीं. डाग दिसतांच ओला कागद किंवा ओलें फडकें पांच-दहा मिनिटें त्यावर ठेवून द्यावें, तो भिजून सुटला कीं अलगद उचलावा. नखानें खरवडूं नये. आंब्याच्या झाडाची सावली मोठी लोभस, पण मोहोराच्या दिवसांत तीच घातक ठरते. मोहोरावरचे तुडतुडे रस शोषून मधासारखा चिकट द्रव खालीं टाकीत असतात. त्याचे असंख्य बारीक थेंब गाडीवर पडतात, त्यावर धूळ चिकटते आणि पुढें काळी बुरशी धरते. कोमट साबणाच्या पाण्यानें तो दोन-तीन दिवसांच्या आंत निघतो. जांभळाखालीं जून महिन्यांत गाडी उभी करणाऱ्याची तर कींवच करावी.

दसऱ्याची पूजा झाल्यावर पुष्कळ गाड्यांच्या बॉनेटवर स्वस्तिकाचा ठसा वर्षभर राहतो. श्रद्धेस बाध न आणतां हें टाळतां येतें. पूजेपूर्वीं गाडी धुवावी, म्हणजे बोटाखालीं धूळ घासली जात नाहीं. हळद-कुंकू तेलांत न कालवतां कोरडेंच वाहावें. झेंडूचा हार तारेनें न बांधतां सुती दोऱ्यानें बांधावा. आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं, उन्हें चढण्यापूर्वीं, तें सर्व पाण्यानें उतरून घ्यावें.

जेथें कूपनलिकेचें पाणी वापरतात तेथें आणखी एक शत्रु असतो. चहाच्या किटलीच्या तळाशीं जो पांढरा थर धरतो, तोच गाडीवर गोल डागांच्या रूपानें उमटतो; थेंबांतलें पाणी उडून जातें व चुना जागीं राहतो. स्वयंपाकाच्या पांढऱ्या व्हिनेगरांत तितकेंच पाणी मिसळून, सावलींत, त्या डागावर मिनिटभर ओलें फडकें ठेवावें व लगेच भरपूर पाण्यानें धुवावें. डाग ताजा असेल तर विरघळतो. उन्हाळाभर भाजून निघालेला असेल तर तेथें रोगणासच खळगा पडलेला असतो, आणि मग झिलईवांचून गत्यंतर उरत नाहीं.

धुऊन वाळलेल्या गाडीवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातांत घालून बोटें फिरवावीं. हात सुळकन् सरकला तर उत्तम. खरखरीत लागलें तर रंगांत लोखंडाचे कण, डांबराचे शिंतोडे किंवा रंगाचे तुषार रुतलेले आहेत असें समजावें. त्यांकरितां मातीसारखी मऊ, मळतां येणारी एक वडी मिळते. पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानें सतत ओला ठेवून ती वडी हलकेंच पुढें-मागें सरकवावी, वरचेवर दुमडून नवी बाजू बाहेर काढावी. वडी जमिनीवर पडली तर ती फेकून द्यावी. दहा रुपयांची वस्तु नव्हे म्हणून मन घेत नाहीं, पण धुऊन पुन्हां वापरलेली वडी कांचकागदाचें काम करते. हा विधि वर्षांतून एकदां, फार तर दोनदां. झिलई तर त्याहूनही क्वचित्, आणि तीही प्रथम हाताच्या तळव्याएवढ्या जागेवर, सर्वांत सौम्य द्रव्यानें करून पाहावी. यंत्रानें झिलई करण्याचा मोह नवशिक्यानें आवरावा. दरवाजांच्या कडांवर रोगण पातळ असतें आणि तेथें यंत्राला एक क्षणही पुरतो.

मग मेण. ब्राझिलच्या ईशान्य भागांतील कार्नौबा नांवाच्या ताडाच्या पानांवर हें मेण धरतें. तें सुमारें ८२ ते ८६ अंश सेंटिग्रेडला वितळतें, वनस्पतिज मेणांत त्याच्याइतकें कठीण मेण विरळा. तें पातळ लावावें, इतकें पातळ कीं लावलें कीं नाहीं अशी शंका यावी. जाड लावल्यानें अधिक टिकत नाहीं, पुसण्याचे कष्ट मात्र वाढतात. आपल्याकडच्या उन्हांत तें दोन-तीन महिन्यांवर राहत नाहीं. कारखान्यांत केलेले कृत्रिम लेप त्याहून कांहीं महिने अधिक टिकतात. एकदां मेअखेरीस, पावसापूर्वीं, आणि एकदां पावसाळा सरल्यावर असा क्रम ठेवला तरी सामान्य कुटुंबाचें काम भागतें.

हल्लीं सिरॅमिकच्या लेपाचा फार बोलबाला आहे. सिलिकायुक्त द्रवाचा हा लेप वाळल्यावर कठीण होतो, पाणी त्यावरून ओघळून जातें, धूळ कमी धरते, पक्ष्यांच्या विष्ठेचा परिणामही उशिरां होतो. हे गुण खरे आहेत. परंतु जाहिरातींतील '९ एच' या शब्दाचा अर्थ पुष्कळ लोक चुकीचा लावतात. हा 'एच' शाळेंतील चित्रकलेच्या पेन्सिलींवर असतो तोच. अमुक कठीणपणाची पेन्सिल दाबून ओढली असतां ओरखडा उमटतो कीं नाहीं, यावरून ही श्रेणी लावतात. मोहसच्या नवव्या पायरीशीं, जेथें माणिक व नीलम बसतात, तिचा कांहींएक संबंध नाहीं. मायक्रॉन-दोन मायक्रॉनचा तो लेप महामार्गावर उडालेला खडा अडविणार नाहीं, आणि मळक्या फडक्याचा ओरखडाही पूर्णपणें टाळणार नाहीं. लेप लावण्यापूर्वीं जे ओरखडे काढले नाहींत ते त्याखालीं कायमचे झांकले जातात, म्हणजे दिसतच राहतात. खड्यापासून रक्षण हवें असेल तर पॉलियुरिथेनची जाड पारदर्शक फीत पुढच्या भागावर बसवून घेतात. तें काम घरचें नव्हे.

रंगाविषयीं इतकें बोलल्यावर हें सांगितलें पाहिजे कीं, ज्याला एकाच गोष्टीसाठीं सवड आहे त्यानें रंग सोडून कांच धरावी. पुढची कांच दोन कांचांमध्यें प्लास्टिकचा पडदा दाबून केलेली असते. एदुआर् बेनेदिक्त्युस या फ्रेंच रसायनज्ञाच्या हातून १९०३ सालीं एक चंबू पडला. तो तडकला, पण आंत वाळलेल्या पदार्थाच्या पापुद्र्यामुळें त्याचे तुकडे विखुरले नाहींत. त्यांतून ही कल्पना निघाली. कांच फुटून चेहऱ्यावर येण्याचें भय तिनें पुष्कळ कमी केलें. मळलेल्या कांचेंतून न दिसण्याचें भय मात्र ज्याचें त्यानें दूर करावयाचें असतें.

बाहेरची बाजू प्रत्येकजण पुसतो. आंतली बाजू कोणी पाहत नाहीं. उन्हांत तापलेल्या डॅशबोर्डांतील प्लास्टिकमधून सूक्ष्म वाफा निघतात व कांचेवर धुरकट, तेलकट पापुद्रा धरतात. दिवसा तो जाणवत नाहीं. रात्रीं समोरून दिवे आले कीं तोच पापुद्रा पेटल्यासारखा होतो, आणि रस्ता ओलांडणारा मनुष्य त्या तेजांत नाहींसा होतो. पंधरा दिवसांतून एकदां हा पापुद्रा काढावा. एक फडकें किंचित् ओलें, दुसरें अगदीं कोरडें घ्यावें. द्रव कांचेवर न मारतां फडक्यावर घ्यावा, म्हणजे डॅशबोर्डावर व यंत्रांवर तो गळत नाहीं. आंतून उभे हात मारावे व बाहेरून आडवे. मग एखादी रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूची हें लगेच कळतें. कांचेवर फीत चिकटविलेली असेल तर अमोनियायुक्त द्रव वापरूं नये. मागच्या कांचेवर आंतून बारीक तांबूस रेघा असतात, त्या कांच तापविण्याच्या तारा होत. तेथें रेघांच्या दिशेनेंच पुसावें, आणि पातें तर मुळींच लावूं नये.

फितींचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०० व्या नियमाप्रमाणें पुढच्या व मागच्या कांचेंतून निदान ७० टक्के, आणि बाजूच्या कांचांतून निदान ५० टक्के प्रकाश आला पाहिजे. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें काळ्या फितींविरुद्ध कडक आदेश दिला, तो याच नियमाच्या आधारें. ऊन टाळण्यासाठीं गाडी उभी असतांना कांचेमागें लावावयाचा रुपेरी पडदा हा निर्धोक उपाय आहे.

वायपरचें रबर उन्हानें कडक होतें. तें दर धुण्याच्या वेळीं ओल्या फडक्यानें पुसावें. फडक्यावर येणारी काळी रेघ पाहण्यासारखी असते. धुळीनें भरलेल्या कोरड्या कांचेवर वायपर कधींही चालवूं नये. गार कांचेहून कठीण आहे हें वर सांगितलेंच. दरवर्षीं मेअखेरीस रबर बदलणें ही उधळपट्टी नव्हे. उन्हांत तापलेल्या कांचेवर थंड पाणी ओतूं नये. तिला आधींच बारीक टवका गेलेला असेल तर तेवढ्यानें तडा लांबत जातो. पावसांत कांचेवर वाफ धरली कीं कित्येक चालक आंतून पुसत बसतात. वातानुकूलन फार थंड ठेवलें असेल तर ती वाफ बाहेरून धरलेली असते. वायपर फिरवून व थंडावा कमी करून ती जाते. आंतून धरलेली असेल तर वातानुकूलन चालू ठेवून वारा कांचेवर सोडावा.

पुढचे दिवे पिवळट होतात, त्यासाठीं दांत घासण्याची पेस्ट लावण्याचा सल्ला सर्वत्र ऐकूं येतो. दिव्यांवरचें आवरण कांचेचें नसून पॉलिकार्बोनेटचें असतें आणि त्यावर ऊन रोखणारा पातळ थर असतो. तो खराब झाल्यानें पिवळेपणा येतो. पेस्टनें पिवळा भाग घासला जातो व दिवा चार दिवस उजळतो. पण ऊन रोखणारें कांहींच न उरल्यामुळें कांहीं महिन्यांत तो पूर्वींहून वाईट होतो. घासल्यावर नवा संरक्षक लेप देणाऱ्या सामग्रीनेंच हें काम करावें.

गाडीच्या आंत क्रम एकच : आधीं कोरडा केर, मग ओलें. पायांखालच्या चटया बाहेर काढून झटकाव्या, आसनांच्या शिवणींतून मऊ ब्रश फिरवून यंत्रानें केर ओढून घ्यावा. बिस्किटांचा चुरा हा केवळ अस्वच्छतेचा प्रश्न नाहीं. त्याच्या वासानें उंदीर येतात, आणि उंदरांनीं तारा कुरतडल्या तर हजारोंचा भुर्दंड बसतो. कापडी आसनांवर दूध सांडलें तर तत्क्षणीं टिपून घ्यावें, थंड पाण्यानें दोन-तीनदां पुसावें व पंख्याखालीं पूर्ण वाळवावें. एकदां तें गादींत शिरून आंबलें कीं अत्तरानें वास जात नाहीं, दोन वास होतात. हलक्या वासावर खाण्याचा सोडा रात्रभर भुरभुरून सकाळीं ओढून घेतला तर उपयोग होतो. पट्टे सौम्य साबणानें पुसावे. रंग उडविणारें रसायन त्यांना लावूं नये, कारण त्यांचे धागे जीव वांचविण्यासाठीं आहेत. आणि पूर्ण वाळेपर्यंत ते आंत जाऊं देऊं नयेत. डॅशबोर्डावर चकचकीत तेलकट द्रव चोपडण्याची हौस सोडावी. त्याचें प्रतिबिंब पुढच्या कांचेंत पडतें. ओलसर फडकें पुरे.

कोंकणांत व मुंबईंत चार दिवस बंद राहिलेल्या गाडींत पावसाळ्यांत आसनांवर पांढरी बुरशी दिसते. ओल्या छत्र्या व चटया आंत ठेवूं नयेत. उघडीप मिळेल त्या दिवशीं चारही दरवाजे तासभर उघडे ठेवावे. दरवाजांच्या तळाशीं पाणी निघून जाण्यासाठीं बारीक भोकें असतात, आणि पुढच्या कांचेच्या पायथ्याशीं, वायपरांखालीं, एक पन्हळ असते. पिंपळाचीं व गुलमोहराचीं पानें तेथें कुजून ती बुजते, आणि मग पाणी वाट काढून पायांखालीं येतें. जूनपूर्वीं ती पन्हळ हातानें साफ करावी, दरवाजांचीं भोकें काडीनें मोकळीं करावीं. समुद्राकांठीं राहणाऱ्यांनीं पावसाळ्यांत गाडीच्या पोटाखालीं गोडें पाणी मारण्यास विसरूं नये. खारें पाणी चमकणाऱ्या भागावर नव्हे, न दिसणाऱ्या भागावर आधीं गंज आणतें. गाडीवर घालावयाचें आच्छादन धुतलेल्या व वाळलेल्या गाडीवरच घालावें. धुळीवर घातलेलें आच्छादन वाऱ्यानें हलून रात्रभर गाडी घासत राहतें, आणि ओल्या गाडीवर घातलेलें प्लास्टिक ओल कोंडून ठेवतें.

सर्व झाल्यावर फडकीं धुवावयाचीं राहतात, आणि बहुतेक घरीं तीं तशींच डिकींत कोंबलीं जातात. रंगाचीं, कांचेचीं, आंतलीं व चाकांचीं फडकीं निरनिराळ्या रंगांचीं घ्यावीं, म्हणजे घरांतील कोणाचीही चूक होत नाहीं. तीं इतर सुती कपड्यांबरोबर धुऊं नयेत, त्यांना त्या कपड्यांचा तंतु चिकटतो. कपडे मऊ करणारें द्रव्य त्यांना घालूं नये. त्यानें तंतूंवर पापुद्रा धरतो व तीं पाणी शोषीत नाहींत. द्रव साबण, कोमट पाणी, सावलींतील दोरी. एखादें जमिनीवर पडलें तर तें त्या क्षणापासून चाकांचें.